छावणीतल्या कॉम्प्युटरचं सोमवारचं दुखणं

१

त्या सोमवारी छावणीतला कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला आणि तात्यासाहेबांचा धीर सुटला. चाऱ्यासाठी उभ्या असलेल्या सगळ्या रांगेदेखत त्यांनी शीलाला विचारलं, "त्या पलीकडच्या छावणीवाल्यानं काय कबूल केलंय गं तुला?"

शीलाचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. चोर म्हटल्यावर माणूस एकतर भांडतो नाहीतर गोठतो. शीला गोठली, आणि गोठलेल्या माणसाला लोक हमखास गुन्हेगार समजतात.

फुलंब्रीच्या अलीकडं रस्त्याच्या एका अंगाला प्लॉटिंगवाल्यांचे रंगीत झेंडे फडफडत होते आणि दुसऱ्या अंगाला, तात्यासाहेबांच्या पडीक रानात, त्यांनीच चालवलेली जनावरांची चारा छावणी होती. औरंगाबाद शहर हातपाय पसरत हर्सूल ओलांडून इथवर आलं होतं. पाऊस मात्र दोन वर्षं इकडं फिरकला नव्हता. छावणीतल्या प्रत्येक जनावराची नोंद कॉम्प्युटरवर करून संध्याकाळच्या आत तहसीलला पाठवायची, हा नियम. यादी नाही तर चाऱ्याची गाडी नाही. गेल्या काही आठवड्यांत यादी इतक्यांदा चुकली होती की तहसीलातून शेवटची ताकीद आली होती. आज चुकली की छावणीला कुलूप, आणि जनावरं पलीकडच्या छावणीत.

शीला मेंढपाळांच्या घरातली सून. सासरची माणसं मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं उतरली होती आणि ही बारावी झालेली म्हणून छावणीत ऑपरेटर लागली होती. त्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच. काम गेलं तर दुसरं मिळालं असतं, पण लाच खाऊन मुक्या जनावरांच्या तोंडचा घास काढला, हे नाव एकदा लागलं की पंचक्रोशीत तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

अशा वेळी, तात्यासाहेबांनी सकाळीच फोन करून बोलावलेल्या तनुजाची स्कूटी धुरळा उडवत आत आली.

शहागंजात अत्तरवाला आणि घड्याळवाला यांच्या मधोमध तनुजाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. डिप्लोमा झाल्यावर ती वाळूजच्या एका कारखान्यात लागली, साहेबाशी पटलं नाही, नोकरीवर पाणी सोडून तिनं दुकान टाकलं. शहरातले बाकीचे हरले की गिऱ्हाईक आपल्याकडं येतं, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. नम्रपणा तिला कुणी शिकवला नव्हता आणि तिनंही कधी चौकशी केली नव्हती.

"तात्यासाहेब, आळ नंतर घ्या," हेल्मेट काढता काढता ती म्हणाली. "आधी पेशंट बघू द्या."

"पेशंटाला काय बघता? ह्या पोरीला बघा. मशीन सोन्यासारखं होतं."

"संध्याकाळच्या आत सांगते. मशीन बिघडलंय का बिघडवलंय, आणि बिघडवलं असेल तर कुणी."

"आन् हिनंच बिघडवलं असलं तर?"

"तर मी स्वतः हिला माझ्या गाडीवर बसवून ठाण्यात नेते."

शीलानं पहिल्यांदाच मान वर केली.

२

ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. टेबल, त्यावर स्क्रीन आणि खाली एका लाकडी पाटावर कॉम्प्युटरचा डबा, ज्याला अख्खं जग सीपीयू म्हणतं. तनुजानं दार लोटून घेतलं आणि शीलाला खुर्चीत बसवून स्वतः चाऱ्याच्या पेंडीवर बसली.

"मशीननं काय केलं ते नको सांगू. तू काय बघितलंस ते सांग."

शीला आधी चाचरत आणि मग सुटून बोलली. "सकाळी चालू केलं की चहा होऊन कप विसळले तरी स्क्रीन येत नाय, ताई. आतून टकटक टकटक वाजत ऱ्हातं. मग जरा बरं चालतं. काम रंगात आलं की खटकन बंद. लगेच चालू केलं तर परत बंद. थोडं थांबलं की मग चालतं, जसं काय झालंच नाय. आन् सोमवारी तर निस्ता उच्छाद मांडतंय."

"बंद पडतं तेव्हा स्क्रीनचा दिवा?"

"तो चालूच ऱ्हातो."

"यूपीएस एकच आहे ना दोघांना?"

"व्हय."

तनुजा खूष झाली. एकाच यूपीएसवर स्क्रीन जगते आणि डबा मरतो, म्हणजे वीज निर्दोष होती. एक संशयित घरी गेला.

"पाट कुणी दिला?"

"काकूंनी. जमिनीवर ठेवू नका म्हन्ल्या. बरंच झालं, मुंग्या लई झाल्यात हितं. जेवणाचा डबासुद्धा खाली ठेवता येत नाय."

तेवढ्यात काकूच आल्या. आशाबाई, तात्यासाहेबांच्या पत्नी. त्यांचं घर छावणीला लागूनच होतं. हातात ताकाचा तांब्या आणि चेहऱ्यावर अशी काळजी, जणू घरात कुणी तापानं फणफणलंय. दाराशी चपला काढून त्या आत आल्या आणि डब्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "बरं होईल ना हो ते?"

"होईल की," तनुजा म्हणाली. ताक झकास होतं. ते पिताना तिची नजर उंबऱ्याबाहेरच्या चपलांवर गेली. ज्या खोलीत तात्यासाहेब शेणानं भरलेल्या बुटांनी शिरत होते, तिथं ही बाई अनवाणी येत होती. तनुजानं ती गोष्ट मनात टिपून ठेवली.

मग आला रामेश्वर, तात्यासाहेबांचा पुतण्या. शहरात कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्यापासून त्याचा डोळा शीलाच्या खुर्चीवर होता, आणि ते त्यानं लपवलंही नव्हतं.

"व्हायरस असणार मॅडम. सांडू ड्रायव्हर पेनड्राइव्हमधनं गाणी भरतो ना. मी दर वेळी फॉरमॅट मारतो."

"आणि बरं होतं?"

"नाय. पण मारतो."

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं तनुजाच्या जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "उघडून बघितलंस का कधी?"

रामेश्वर एकदम पुढं झाला आणि डब्यासमोर उभा राहिला. "सील हाय त्याला! सील तोडायचं नाय. मी कुणाला हात लावू देत नाय."

३

डबा उघडू नये असं ज्याला इतकं मनापासून वाटतं, त्याच्याकडं लक्ष ठेवावं, हा तनुजाच्या धंद्यातला धडा होता. पण आधी तिला एक परीक्षा घ्यायची होती.

तिनं कॉम्प्युटर चालू केला आणि विंडोज यायच्या आधीच एक बटण दाबून तो काळ्या पडद्यावर थांबवला. "इथं अजून काहीच सुरू झालेलं नाही," ती दारात येऊन उभ्या राहिलेल्या तात्यासाहेबांना म्हणाली. "विंडोज नाही, गाणी नाहीत, व्हायरस असलाच तर तो झोपलाय. आता नुसतं बघत राहायचं."

सगळे बघत राहिले. बाहेर एक म्हैस रेकली. काळा पडदा तसाच होता, आणि मग खटकन डबा बंद पडला.

"व्हायरस सुटला," तनुजा म्हणाली. "सांडूही सुटला."

तिनं डब्याच्या पाठीमागं तळहात धरला. पंखा चालू असताना आतली गरम हवा तिथून बाहेर पडून जायला हवी होती. पत्रा मात्र तव्यासारखा तापला होता. आतली उष्णता आत कोंडली होती.

"उन्हानं तापत असंल," तात्यासाहेब म्हणाले. "पत्र्याची खोली हाय."

"मग सोमवारीच जास्त का? ऊन काय वार बघून पडतं?"

तनुजानं पेचकस काढला तसा रामेश्वरचा चेहरा पडला. "मॅडम, वॉरंटी जाईल..."

"स्टिकर वाच. वॉरंटी मागच्या दिवाळीलाच गेली. खरं सांग, तू कधी कॉम्प्युटर उघडलायस का?"

रामेश्वरनं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "कोर्समधी चित्र दाखवलं होतं," तो म्हणाला.

म्हणजे हाही कट नव्हता. नुसती अब्रूची भीती होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरायची वेळ आली, एवढंच. तनुजानं सील फाडलं आणि बाजूचा पत्रा ओढून काढला.

तात्यासाहेब आणि रामेश्वर दोघंही एकदम खाली वाकले.

कॉम्प्युटरच्या आत धूळ असते, कोळीष्टकं असतात, कधी झुरळ असतं. हे सगळं तनुजानं पाहिलेलं होतं. हा डबा आतून पिवळा जर्द होता.

४

प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू. तो तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांची जाळी आणि तिच्यावर पंखा बसवलेला असतो. ती अख्खी जाळी पिवळ्या भुकटीनं लिंपली होती. हवा जायला फट उरली नव्हती. मेंदू तापला की जळून जाऊ नये म्हणून मशीन स्वतःच बंद पडत होतं. निवलं की चालत होतं. आणि असं चालता चालता फटकन बंद पडून पडून, उकाड्यात शिजून, हार्ड डिस्क खराब झाली होती. ती टकटक आणि सकाळचं ते कण्हणं तिचंच.

तनुजानं भुकटी चिमटीत घेऊन हुंगली. "हळद."

"भंडार!" रामेश्वर ओरडला. "तात्या, हा भंडार हाय. भंडार कुणाच्या घरात असतो, सगळ्यांना ठावं हाय."

तात्यासाहेबांनी शीलाकडं बघितलं. मेंढपाळांचं घर, खंडोबाची भक्ती, आणि डब्यात भंडार. त्यांच्या दृष्टीनं निकाल लागला होता. "ऊठ," ते म्हणाले. "ह्या छावणीत परत पाऊल टाकायचं नाय."

"तात्या, देवाची शपथ, मी नाय..."

"देवाचं नाव घेऊ नको!"

शीला उठली. पण तनुजानं तिचा दंड धरून तिला परत बसवलं. "तात्यासाहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. भंडार माझ्याही देव्हाऱ्यात आहे. तुमच्या आहे का नाही?"

तात्यासाहेबांचंही कुलदैवत खंडोबाच.

"मी जरा बाहेर जाऊन येते. तोवर हिला कुणी बोट लावायचं नाही."

सांडू ड्रायव्हर जीपच्या सावलीत बसून बिडी ओढत होता. तनुजा त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि पाऊस, रस्ता, डिझेल असल्या गप्पा मारून मग सहज म्हणाली, "रविवारी तुला सुट्टी?"

"कसली सुट्टी मॅडम. रविवारी तहसील बंद म्हणून हापिस बंद, पण मपली जीप चालूच. सकाळी साताऱ्याला देवाला..."

तो थांबला. बिडी तोंडातच राहिली.

सातारा म्हणजे शहराच्या दक्षिणेला, जिथं आता डोंगराच्या पायथ्यापर्यंत फ्लॅट चढलेत, तिथलं खंडोबाचं देऊळ. "एकटाच जातोस?" तनुजानं विचारलं.

सांडूनं बिडी विझवली, उठला आणि बिनधुळीची काच फडक्यानं पुसायला लागला. "मला काय इचारू नका," तो काचेकडं बघत म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

सांडू गाडीखाली शिरला.

५

तनुजा परत आली तेव्हा तिची चाल बदललेली होती. दुकानात अवघड मशीन चालू झालं की ती अशी चालते आणि शेजारचा अत्तरवाला ओळखतो, की आज ही चहा पाजणार.

तिनं ती जाळी काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली. "या, जवळ या. काकू, तुम्हीसुद्धा या."

आशाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

तनुजानं पेचकसाच्या टोकानं भुकटीचा एक खपला अलगद तोडला. "ही कड बघा. पिवळा थर, त्यावर करड्या धुळीचा थर, परत पिवळा, परत करडा. वैरी असता तर एकदाच मूठभर ओतून मोकळा झाला असता. इथं कुणीतरी ठरावीक अंतरानं, पुन्हा पुन्हा, थोडं थोडं घातलंय. आणि दर वेळी मधल्या दिवसांत धूळ बसलीय."

"शीला रोज असती हितं," रामेश्वर म्हणाला.

"रोज असती तर रोज घातलं असतं. मशीन सोमवारी सगळ्यात जास्त छळतं. म्हणजे भंडार पडतो रविवारी, मशीन थंड असताना. सोमवारी चालू केलं की पंखा तो सगळा ओढून घेतो. शीला रविवारी इथं असते?"

"नाय," तात्यासाहेबांना कबूल करावं लागलं. "शनिवारी सांजच्याला गावाकडं जाती. सोमवारी येती."

"आता हे बघा." तिनं खपल्यातून पांढुरका कण वेचून तळहातावर ठेवला. "खोबरं. म्हणून मुंग्या. मशीन मारायचं असतं तर माती चालली असती. हळद चालली असती. वैर करणारा माणूस वर खोबरं कशाला घालेल, तात्यासाहेब? भंडार आणि खोबरं एकत्र कोण उधळतं, कशासाठी उधळतं, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? हे कुणी बिघडवायला केलेलं नाही. पूजा म्हणून केलंय."

तिनं तो कण वर्तमानपत्रावर ठेवला.

"रविवारी ऑफिसची किल्ली कुणाकडं असते?"

तात्यासाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या घरात. देव्हाऱ्याच्या खुंटीला."

दाराकडं आधी कुणी बघितलं नाही. आशाबाईच आत आल्या, अनवाणी, आणि टेबलावरच्या त्या पिवळ्या जाळीकडं बघून त्यांनी तोंडाला पदर लावला.

"मीच," त्या म्हणाल्या. "मीच घातला. एका शनिवारी लाईट गेली ती आलीच नाय, तवा हे बंद पडलं. छावणीत एवढी मुकी जनावरं, ह्यांचा जीव टांगणीला. रविवारी मी भंडार वाहिला आन् दिवा पेटला, सोमवारी हे चालू झालं. मग म्हन्लं, पाऊस पडंपर्यंत दर रविवारी वाहीन. साताऱ्याहून आणायची. सांडूला म्हन्लं, सांगू नको."

"आन् मला कामून सांगितलं नाय?" तात्यासाहेब ओरडले.

"तुम्ही हसता ना. बायकांचं देव देव म्हणता. वर ठेवला तर दिसंल, म्हणून डब्याच्या बाजूच्या जाळीतून आत सारायची. घास भरवावा तसा." त्या पाटाशेजारी खाली बसल्या. "हे जास्त आजारी पडायला लागलं तसा मी जास्त भंडार वाहिला. मला काय ठावं, मीच ह्याचा गळा दाबायलेय!"

तनुजाला त्यांच्याबद्दल कणव आली, आणि तिनं ती लपवली नाही. "काकू, लाईट गेली होती ती आली. लाईट आली की मशीन चालतंच. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी भंडारानंच झालं म्हटलं असतं. देवाला भंडार द्या, ह्याला नुसती हवा द्या. हे जगेल."

६

आणि ते जगलं. तनुजानं ब्रशनं आणि ब्लोअरनं जाळी धुतल्यासारखी लख्ख केली, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा नवा लेप लावला, पिशवीतून नवी हार्ड डिस्क काढली आणि जुनीवरच्या नोंदी तिच्यावर उतरवून घेतल्या. कॉम्प्युटर चालू झाला तो इतक्या झटकन की रामेश्वर, जो मघापासून तिच्या हाताकडं डोळे लावून बसला होता, नकळत "अबब" म्हणाला.

"शिकायचं असेल तर दुकानात ये," तनुजा म्हणाली. "पण फॉरमॅट मारलास तर हाकलून देईन."

तात्यासाहेब तिला कोपऱ्यात घेऊन गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, घरातली गोष्ट घरात राहू द्या. बाहेर सांगू, व्हायरस होता. पोरगी कामावर राहील. झालं गेलं गंगेला मिळालं."

खोली लहान होती. सगळ्यांना ऐकू गेलं. तनुजा उत्तर देणार होती, पण त्याआधी शीला खुर्चीमागून बोलली.

"तात्या, चोर म्हणताना आवाज बाहेर गेला होता," ती म्हणाली. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "आता हळू बोलून कसं चालंल? मला काम पायजे. पण खालच्या मानेनं नाय पायजे. तसं असलं तर मी आत्ता जाते, तुमची यादी कुणी बी करा."

तात्यासाहेबांचा चेहरा लाल झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरातून हुकूम निघतात, त्यांना माफी मागायचा सराव नसतो. ते खिडकीबाहेर बघत उभे राहिले. संध्याकाळ होत आली होती. यादी पाठवायची होती, बाहेर रांग ताटकळली होती, आणि यादीतलं जनावर न् जनावर माहीत असलेली एकच बाई खुर्चीला हात लावायला तयार नव्हती.

आशाबाईंनी मात्र वाट बघितली नाही. त्या बाहेर गेल्या आणि रांगेसमोर उभ्या राहून त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "ऐका," त्या म्हणाल्या. "मशीन मी बिघडवलं. शीलानं नाय. मी देवाच्या नावानं भंडार घातला आन् आळ तिच्यावर गेला. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं असंल तर त्याचं पाप माझ्यावर हाय."

आता तात्यासाहेबांना आत उभं राहणं शक्य नव्हतं. ते बाहेर आले, बायकोच्या शेजारी उभे राहिले, आणि घसा खाकरून म्हणाले, "सकाळी मी शीलाला जे बोललो ते खोटं होतं. तिनं कुणाकडून काय घेतलेलं नाय. माझी चूक झाली."

रांगेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा फक्त म्हणाला, "मग बसवा की पोरीला खुर्चीवर. जनावरं उपाशी हायत."

तात्यासाहेबांनी दाराकडं वळून हात केला. "बस, शीला. यादी कर."

"बसते," शीला म्हणाली. "पण आजपासून हापिसची किल्ली माझ्याकडं ऱ्हाईल, तात्या. रविवारी बी."

आशाबाई घरात गेल्या, देव्हाऱ्याच्या खुंटीवरून किल्ली काढून आणली आणि स्वतःच्या हातानं शीलाच्या हातात ठेवली. शीलानं ती कमरेला खोचली, खुर्ची पुढं ओढली आणि खिडकीतून रांगेला आवाज दिला.

"चला, पुढं कोण हाय?"